संगणकाच्या पडद्यावरील टास्कबार नाहीसा झाल्यास करावयाचे उपाय

(शिरूर व दौंड तालुक्यांतील सेवा केंद्रे, विकास सोसायट्या व शेतकरी गट यांच्यासाठी पाठ)

प्रास्ताविक

शिरूर व दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शेजारी तालुके होत. घोड व भीमा या नद्यांचे पाणी, चासकमान व खडकवासला प्रकल्पांचे कालवे आणि विहिरी यांच्या आधारावर येथे ऊस, कांदा, ज्वारी, बाजरी व भाजीपाला ही पिके घेतली जातात. या शेतीचा सारा हिशेब पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात, सोसायटीच्या कीर्द-खतावणीत व अडत्याच्या हिशेबपट्टीत लिहिला जात असे. गेल्या काही वर्षांत त्यातील बराच भाग संगणकावर आला आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सन २०१८ पासून मिळू लागला. सन २०२१ पासून शेतकरी 'ई-पीक पाहणी'च्या द्वारे आपल्या पिकाची नोंद स्वतः करू लागला. प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणाची योजना केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये मंजूर केली. पीकविमा, ठिबक संचाचे अनुदान, अवजारांसाठीचे अर्ज ही कामेही आता संगणकावरच होतात.

यामुळे गावातील एक संगणक अडला तर केवळ एका लेखनिकाचे काम अडत नाही. पीकविम्याच्या शेवटच्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्यांचे अर्ज राहून जातात, किंवा मार्चअखेर कर्ज भरण्यास आलेल्या सभासदाची पावती निघत नाही. असे अडथळे नेहमीच मोठ्या बिघाडामुळे येतात असे नाही. पुष्कळदा पडद्याच्या तळाशी असणारी पट्टी, जिला टास्कबार म्हणतात, ती दिसेनाशी होते आणि काम करणारा गोंधळून जातो. ही पट्टी बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत परत आणता येते. ती कशी आणावी आणि त्या वेळी काय करू नये, याची माहिती या पाठात दिली आहे.

टास्कबार म्हणजे काय?

विंडोज प्रणालीच्या संगणकावर पडद्याच्या खालच्या कडेला जी आडवी पट्टी असते, ती टास्कबार होय. सन १९९५ मध्ये विंडोज ९५ ही आवृत्ती निघाली, तेव्हापासून ही पट्टी प्रचारात आली. तिचे सामान्यतः तीन भाग मानता येतात.

पहिला भाग 'स्टार्ट' बटणाचा. संगणकातील सर्व कार्यक्रम येथून उघडतात व संगणक बंद करण्याची सोयही येथेच असते. दुसरा भाग उघडलेल्या कामांचा. सोसायटीचे खाते, इंटरनेटवरील अर्ज, छपाईचा कागद अशी चार कामे एकाच वेळी उघडी असली तर त्यांची चार चिन्हे येथे दिसतात. तिसरा भाग उजव्या कोपऱ्याचा. तेथे तारीख व वेळ, इंटरनेटची जोडणी, कीबोर्ड मराठीत आहे की इंग्रजीत याची खूण आणि पेनड्राईव्ह सुरक्षितपणे काढण्याची सोय असते.

यावरून टास्कबारचे खरे स्वरूप ध्यानात येईल. खळ्यात धान्य असते आणि दाराशी कोणते पोते कोठे आहे याची पाटी असते. पाटी पडली म्हणून धान्य नाहीसे होत नाही. तद्वत् टास्कबार ही केवळ मार्ग दाखविणारी पाटी आहे. अर्ज, खाती, दाखले, छायाचित्रे हे सर्व संगणकाच्या डिस्कमध्ये वेगळ्या ठिकाणी साठविलेले असते. पट्टी गेल्याने त्यातील एक अक्षरही कमी होत नाही.

प्रथम काय करू नये

पट्टी दिसेनाशी झाल्यावर घाईने केलेल्या उपायांनीच पुष्कळदा खरी हानी होते. यास्तव पुढील तीन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात.

१. संगणकाचा वीजपुरवठा एकदम तोडू नये. डिस्कवर लेखन चालू असताना वीज गेली तर अर्धवट लिहिलेली नोंद बिघडण्याचा संभव असतो, व अशा धक्क्याने विंडोजच्या स्वतःच्या फायलीही खराब होऊ शकतात.

२. संगणक 'फॉरमॅट' करण्यास लगेच संमती देऊ नये. फॉरमॅट करणे म्हणजे डिस्कचा भाग पुसून प्रणाली नव्याने बसविणे. त्यात पट्टी परत येते हे खरे, परंतु वेगळी प्रत काढून ठेवलेली नसेल तर वर्षानुवर्षांच्या नोंदी जातात. ऊस पिवळा पडला म्हणून कोणी जाणता शेतकरी सारा फड नांगरून टाकीत नाही. जमीन चुनखडीची आहे काय, पाणी साचले आहे काय, लोहाची कमतरता आहे काय, हे तो क्रमाने पाहतो व मग उपाय करतो. संगणकाच्या बाबतीतही हाच क्रम ठेवावा.

३. पडद्यावर दिसणाऱ्या अनोळखी दूरध्वनी क्रमांकावर संपर्क साधू नये. याचे कारण पुढे स्वतंत्रपणे दिले आहे.

या तीन गोष्टी टाळून प्रथम हातातील काम जतन करावे. कंट्रोल कळ दाबून धरून एस कळ दाबल्यास बहुतेक कार्यक्रमांतील लिखाण साठविले जाते. दुसरे उघडे काम पुढे आणावयाचे असल्यास आल्ट कळ दाबून धरावी व टॅब कळ एकेकदा दाबत जावे. पट्टी नसतानाही अशा रीतीने एका कामातून दुसऱ्या कामात जाता येते. सर्व कामे जतन झाल्यावरच पुढील तपासणीस लागावे.

लक्षणांवरून निदान

पट्टी न दिसण्याची कारणे अनेक असली तरी ती तीन प्रकारांत मोडतात. पहिल्या प्रकारात पट्टी जागेवर असते, पण एखादा कार्यक्रम तिच्यावर पसरलेला असतो. दुसऱ्या प्रकारात पट्टी आपोआप लपण्याची योजना चालू झालेली असते, किंवा ती अरुंद होऊन कडेला गेलेली असते. तिसऱ्या प्रकारात पट्टी दाखविणारा कार्यक्रमच थांबलेला असतो. तो ओळखण्यासाठी पुढील दोन परीक्षा पुरेशा होतात.

परीक्षा पहिली : कीबोर्डवर डाव्या बाजूस कंट्रोल व आल्ट यांच्यामध्ये चार चौकोनी खिडकीची खूण असलेली कळ असते. तिला विंडोज कळ म्हणतात. ती एकदा दाबावी. जुन्या कीबोर्डवर ती नसल्यास कंट्रोल व एस्केप या दोन कळा एकत्र दाबाव्यात. स्टार्टची यादी व तिच्याबरोबर पट्टी वर आली, तर पट्टी जिवंत आहे व कारण पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकारातील आहे असे समजावे.

परीक्षा दुसरी : वरील कळ दाबूनही काहीच झाले नाही, तर उघडलेली कामे बाजूला सारून मागील मोकळ्या पडद्याकडे पाहावे. तेथील नेहमीची चिन्हेही नाहीशी झाली असतील, व केवळ चित्र किंवा काळा पडदा राहिला असेल, तर कारण तिसऱ्या प्रकारातील आहे असे जवळजवळ निश्चित समजावे.

उपाय : पट्टीवर दुसरे काम पसरले असल्यास

इंटरनेट पाहण्याच्या कार्यक्रमात एफ ११ ही कळ चुकून दाबली गेली की तो संपूर्ण पडदा व्यापतो. अशा वेळी खालची पट्टी तर जातेच, पण वरची, जेथे संकेतस्थळाचा पत्ता लिहिला जातो ती जागाही दिसत नाही. ही या प्रकाराची खूण होय. एफ ११ कळ पुन्हा एकदा दाबावी. काही छोट्या लॅपटॉपवर तिच्याबरोबर एफ-एन ही कळही दाबून धरावी लागते. चित्रफीत पाहताना पडदा भरला असेल तर एस्केप कळ दाबावी.

याच युक्तीचा दुरुपयोग करणारे काही भामटेही आहेत. एखाद्या संशयास्पद दुव्यावर बोट पडताच सारा पडदा व्यापणारी सूचना उघडते. संगणकात विषाणू शिरला आहे, खाते बंद होणार आहे, अमुक क्रमांकावर त्वरित बोला, असा मजकूर मोठ्या अक्षरांत दिसतो व कर्कश आवाज येऊ लागतो. पट्टी दिसत नसल्यामुळे संगणक खरोखरच अडकला असे वाटते. वस्तुतः ते एक साधे पान असते. एस्केप कळ काही क्षण दाबून धरावी किंवा आल्ट व एफ ४ या कळा एकत्र दाबाव्यात. तरीही पान न हटल्यास पुढे सांगितलेल्या 'टास्क मॅनेजर'मधून इंटरनेटचा कार्यक्रम बंद करावा. त्या क्रमांकावर बोलू नये, ओटीपी सांगू नये व दूरवरून संगणक चालविण्याची परवानगी कोणासही देऊ नये. पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

उपाय : पट्टी आपोआप लपत असल्यास

माऊसचा बाण पडद्याच्या अगदी तळाच्या कडेस नेऊन क्षणभर थांबवावा. पट्टी वर येते व बाण हलविताच पुन्हा खाली जाते, असे दिसले तर ती आपोआप लपण्याची योजना चालू आहे. ती पुढीलप्रमाणे बंद करावी.

(अ) पडद्याच्या मोकळ्या जागी माऊसचे उजवे बटण दाबावे व यादीतील 'पर्सनलाईज' निवडावे.

(आ) उघडलेल्या पानावर 'टास्कबार' हा भाग निवडावा.

(इ) विंडोज १० मध्ये 'ऑटोमॅटिकली हाईड द टास्कबार इन डेस्कटॉप मोड' या ओळीपुढील खिटी बंद करावी. विंडोज ११ मध्ये 'टास्कबार बिहेवियर्स' हा भाग उघडून 'ऑटोमॅटिकली हाईड द टास्कबार' या ओळीपुढील खूण काढावी.

स्पर्शाने चालणाऱ्या लॅपटॉपवर विंडोज १० असेल तर 'टॅब्लेट मोड' चालू झाल्यानेही पट्टीवरील चिन्हे किंवा संपूर्ण पट्टी दिसेनाशी होऊ शकते. विंडोज कळ व ए कळ एकत्र दाबल्यास उजवीकडे चौकटी उघडतात. त्यांतील 'टॅब्लेट मोड' बंद करावा.

उपाय : पट्टी अरुंद झाली किंवा जागा सोडून गेली असल्यास

विंडोज १० व त्यापूर्वीच्या आवृत्त्यांत पट्टी ओढून वर, डावीकडे किंवा उजवीकडे नेता येते, व तिची रुंदीही कमी-अधिक करता येते. लहान मुलांच्या किंवा नवशिक्याच्या हातून ती ओढली गेली तर कडेला केवळ बारीक रेघ उरते. यास्तव पडद्याच्या चारही कडा नीट पाहाव्यात. बारीक रेघेवर बाण नेला असता तो दुतोंडी होतो. तेथे डावे बटण दाबून धरून पट्टी हळूहळू आत ओढावी. ती दुसऱ्या कडेस गेली असेल तर पट्टीवरील रिकाम्या जागी बटण दाबून धरून तिला तळाशी आणावे. जागेवर आल्यावर पट्टीवर उजवे बटण दाबून 'लॉक द टास्कबार' ही खूण करून ठेवावी, म्हणजे ती पुन्हा सहजासहजी हलणार नाही. सन २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ मध्ये पट्टी अशी ओढण्याची सोय ठेवण्यात आली नव्हती.

उपाय : पडदा बदलल्यामुळे पट्टी दिसत नसल्यास

ग्रामसभेसाठी प्रोजेक्टर किंवा मोठा दूरचित्रवाणी संच संगणकास जोडण्याची पद्धत आता पुष्कळ गावांत आहे. काम झाल्यावर तार काढली तरी काही वेळा संगणक दुसरा पडदा आहेच असे धरून चालतो व पट्टी त्या न दिसणाऱ्या पडद्यावर राहते. विंडोज कळ व पी कळ एकत्र दाबून 'पीसी स्क्रीन ओन्ली' हा पहिला पर्याय निवडावा.

दूरचित्रवाणी संचच नेहमीचा पडदा म्हणून वापरला जात असेल, तर चित्र चारही बाजूंनी थोडे कापले जाते व तळाची पट्टी पडद्याच्या बाहेर राहते. हा दोष संगणकाचा नसून संचाचा असतो. संचाच्या रिमोटवरून चित्राच्या आकाराच्या यादीत जाऊन पूर्ण चित्र दाखविणारा पर्याय निवडावा.

उपाय : पट्टी दाखविणारा कार्यक्रम थांबला असल्यास

टास्कबार, स्टार्टची यादी व पडद्यावरील चिन्हे ही सर्व 'विंडोज एक्सप्लोरर' या एकाच कार्यक्रमाच्या आधाराने दिसतात. तो थांबला की तिन्ही एकदम नाहीशी होतात. मोटार बंद पडली की ठिबकाच्या सर्व नळ्या एकाच वेळी कोरड्या होतात. तेथे नळी-नळी तपासण्यात अर्थ नसतो, मोटारच पुन्हा चालू करावी लागते. तसाच हा प्रकार आहे. मात्र एक दक्षता घ्यावी. पेनड्राईव्हवर फायली उतरविण्याचे काम चालू असेल तर ते पूर्ण होऊ द्यावे, कारण एक्सप्लोरर पुन्हा सुरू करताना ते मध्येच तुटते. इतर कार्यक्रमांतील उघडी कामे मात्र तशीच राहतात.

(अ) कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्यात. 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यात यादी फारच लहान दिसत असल्यास 'मोअर डिटेल्स' या शब्दांवर दाबावे.

(आ) यादीत 'विंडोज एक्सप्लोरर' हे नाव शोधावे. सापडल्यास ते निवडून 'रीस्टार्ट' दाबावे. पडदा क्षणभर मोकळा होतो व पट्टी परत येते.

(इ) नाव यादीत नसेल तर 'रन न्यू टास्क' निवडावे. विंडोज १० मध्ये ते 'फाईल' या यादीत व विंडोज ११ मध्ये वरच्या बाजूसच असते. उघडलेल्या चौकटीत कार्यक्रमाचे नाव इंग्रजी अक्षरांत पुढील क्रमाने लिहावे : ई, एक्स, पी, एल, ओ, आर, ई, आर, त्यानंतर एक टिंब, आणि शेवटी ई, एक्स, ई. मध्ये जागा सोडू नये. नंतर एंटर कळ दाबावी.

येथे एक अडचण हमखास येते. दाखले लिहिण्यासाठी कीबोर्ड मराठीवर ठेवलेला असतो, आणि भाषा दाखविणारी खूण तर टास्कबारवरच असते. त्यामुळे वरील नाव देवनागरीत उमटते व संगणक ते ओळखत नाही. विंडोज कळ व स्पेस कळ एकत्र दाबल्यास कीबोर्ड मराठीतून इंग्रजीत जातो. अक्षरे इंग्रजीत उमटत आहेत याची खात्री करूनच नाव पूर्ण करावे.

उपाय : वरील सर्व निष्फळ झाल्यास

प्रथम संगणक रीतसर बंद करून पुन्हा सुरू करावा. कंट्रोल, आल्ट व डिलीट या कळा एकत्र दाबल्यास जो पडदा येतो, त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात विजेच्या बटणाची खूण असते. तिच्यातून 'रीस्टार्ट' निवडावे. अर्धवट बसलेली सुधारणा पुष्कळदा यानेच पूर्ण होते व पट्टी परत येते.

तरीही दोष राहिला तर विंडोजच्या फायली बिघडल्या आहेत काय हे तपासता येते. टास्क मॅनेजरमधील 'रन न्यू टास्क'च्या चौकटीत इंग्रजीत सी, एम, डी ही अक्षरे लिहावीत. खालील व्यवस्थापकाच्या अधिकाराच्या ओळीपुढे खूण करून एंटर दाबावे. काळ्या चौकटीत एस, एफ, सी ही अक्षरे लिहून एक जागा सोडावी, उजवीकडे झुकलेली तिरपी रेघ द्यावी व तिला लागून एस, सी, ए, एन, एन, ओ, डब्ल्यू ही अक्षरे लिहून एंटर दाबावे. तपासणीस वेळ लागतो. ती शंभर टक्के होईपर्यंत संगणक बंद करू नये. यासाठी वीज टिकण्याची शाश्वती असलेली वेळ निवडावी. त्यानंतर संगणक पुन्हा सुरू करावा.

पट्टी नसताना काम चालू ठेवणे

रांग मोठी असेल व दुरुस्तीस सवड नसेल, तर पट्टीवाचूनही काम पुढे नेता येते. पुढील कळा एका पुठ्ठ्यावर लिहून संगणकाशेजारी लावून ठेवाव्यात.

विंडोज व ई : साठविलेल्या फायलींची जागा उघडण्यास
विंडोज व आर : कार्यक्रमाचे नाव लिहून तो उघडण्यास
विंडोज व आय : संगणकाची मांडणी बदलण्याचे पान उघडण्यास
विंडोज व स्पेस : कीबोर्डची भाषा बदलण्यास
आल्ट व टॅब : एका उघड्या कामातून दुसऱ्यात जाण्यास
कंट्रोल व एस : लिखाण साठविण्यास
कंट्रोल व पी : छपाई करण्यास
कंट्रोल, शिफ्ट व एस्केप : टास्क मॅनेजर उघडण्यास

यांपैकी विंडोज कळेच्या पहिल्या तीन जोड्या एक्सप्लोरर थांबला असेल तर चालणार नाहीत, हे ध्यानात ठेवावे. तेव्हा शेवटची जोडीच उपयोगी पडते.

दोन उदाहरणे

समजा, शिरूर तालुक्यातील एखाद्या सेवा केंद्रात जुलैअखेर पीकविम्याचे अर्ज भरणे चालू आहे. एका शेतकऱ्याचा अर्ज अर्धा भरून झाला असता खालची पट्टी व वरचा पत्ताही नाहीसा झाला. चालकाने संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, तर त्या शेतकऱ्याची सर्व माहिती नव्याने भरावी लागेल व मागील रांग आणखी लांबेल. उलट, वरची जागाही गेली आहे या लक्षणावरून त्याने पडदा भरल्याचे ओळखले व एफ ११ दाबले, तर अर्ज जेथे होता तेथून पुढे चालू होईल.

समजा, दौंड तालुक्यातील एखाद्या विकास सोसायटीत मार्चच्या अखेरच्या आठवड्यात वसुली चालू आहे. दुपारी वीज जाऊन आल्यानंतर संगणक सुरू झाला, परंतु पडद्यावर चित्राखेरीज काही नाही. सचिवाने दुरुस्ती करणाऱ्यास बोलाविले व त्याने फॉरमॅटचा सल्ला दिला. मुदतीत फेड करणाऱ्या सभासदास व्याजाची सवलत मिळते, म्हणून या आठवड्यातील प्रत्येक पावती महत्त्वाची असते. संगणकात ठेवलेल्या याद्या, ठराव व पत्रव्यवहार यांची वेगळी प्रत नसेल, तर केवळ एका थांबलेल्या कार्यक्रमासाठी संस्थेचे दप्तर पुसले जाईल. टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर सुरू करण्याचा प्रयत्न आधी झाला, तर बहुधा हा प्रसंग टळेल.

दुरुस्ती करणाऱ्यास बोलाविताना

घरगुती उपाय थकले म्हणजे जाणकारास बोलाविणे योग्यच होय. परंतु त्यास केवळ 'संगणक बिघडला' असे सांगू नये. पट्टी केव्हा गेली, विंडोज कळ दाबल्यावर काय होते, चिन्हे दिसतात की नाही, कोणते उपाय करून झाले, हे कागदावर लिहून द्यावे. फॉरमॅट अपरिहार्य ठरल्यास पुढील अटी पूर्ण झाल्याशिवाय संमती देऊ नये : डिस्कवरील सर्व कामाची प्रत बाहेरील डिस्कवर निघाली आहे, ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली आहे, डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनसाठी लागणारा कार्यक्रम, छपाई यंत्राचा कार्यक्रम व मराठी लेखनाची सोय पुन्हा बसवून दिली जाईल असे ठरले आहे. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन व त्याचा पासवर्ड दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती देऊ नये.

प्रतिबंधक दक्षता

वीज वारंवार ये-जा करणाऱ्या गावांत संगणकास यूपीएस असणे आवश्यक आहे. त्याची बॅटरी किती मिनिटे टिकते हे अधूनमधून तपासावे. पेटीतील धूळ वर्षातून दोनदा, संगणक बंद करून व तार काढून, स्वच्छ करावी. जुन्या संगणकावरील तारीख वीज गेल्यावर मागे जात असेल तर आतील नाण्याएवढी बॅटरी बदलावी. तारीख चुकली की शासकीय संकेतस्थळे सुरक्षित रीतीने उघडत नाहीत, आणि पट्टी लपलेली असेल तर ही चूक लक्षातही येत नाही.

विंडोज १० या आवृत्तीस कंपनीकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ज्या संस्थांत सभासदांची खाती व आधार क्रमांक हाताळले जातात, त्यांनी नवीन आवृत्तीचा विचार लांबणीवर टाकू नये. बदल करण्यापूर्वी कामाची प्रत काढावी हे येथेही लागू आहे. प्रत आठवड्यातून एक ठरावीक दिवशी काढावी व ती संगणकाच्या खोलीत न ठेवता संस्थेच्या तिजोरीत ठेवावी.

प्रत्यक्ष सराव

शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी सन १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. हाताने काम करीत शिकणे हे तेथील शिक्षणाचे सूत्र आहे. तेच सूत्र येथे उपयोगी पडते. गर्दी नसलेल्या एखाद्या दुपारी केंद्रचालकाने पट्टी मुद्दाम लपवावी व परत आणावी. एफ ११ दाबून पडदा भरावा व पूर्ववत करावा. सर्व कामे साठवून टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर पुन्हा सुरू करून पाहावा. गटातील दोन तरुणांनाही हे शिकवून ठेवावे, म्हणजे चालक रजेवर असला तरी गावाचे काम अडणार नाही.

सारांश

टास्कबार नाहीसा होणे म्हणजे नोंदी नाहीशा होणे नव्हे. प्रथम लिखाण साठवावे, नंतर विंडोज कळ दाबून निदान करावे. पट्टी वर आली तर पडदा भरला आहे काय, पट्टी लपत आहे काय, सरकली आहे काय, दुसरा पडदा जोडला आहे काय, हे या क्रमाने पाहावे. काहीच वर आले नाही तर एक्सप्लोरर सुरू करावा. त्यानंतर संगणक रीतसर पुन्हा सुरू करावा, मग फायलींची तपासणी करावी, आणि फॉरमॅट हा सर्वांत शेवटचा व प्रत काढल्यानंतरचाच उपाय मानावा.

उजळणीसाठी प्रश्न

१. टास्कबारचे तीन भाग कोणते व प्रत्येकाचा उपयोग काय?
२. पट्टीबरोबर पडद्यावरील चिन्हेही गेली असतील तर कोणता कार्यक्रम थांबला असे समजावे?
३. पेनड्राईव्हवर फायली उतरत असताना एक्सप्लोरर पुन्हा का सुरू करू नये?
४. कार्यक्रमाचे नाव देवनागरीत उमटू लागल्यास काय करावे?
५. फॉरमॅटला संमती देण्यापूर्वी कोणत्या अटी पूर्ण झाल्या पाहिजेत?